डाव्या बाजूचे नट उलटे

आमच्या घरातल्या भावंडांना एकत्र बसवून जीपचा रंग विचारला की भांडण ठरलेलं. थोरल्या दादाच्या मते ती शेवाळी, जवळजवळ काळपट हिरवी. माझ्या आणि माझ्या पाठच्या बहिणीच्या लेखी ती निळीच. वाड्याच्या दारांना देऊन उरलेल्या ऑइलपेंटची, ब्रशच्या रेघा उन्हात दिसणारी. धाकट्या चुलतभावांनी पाहिली तोवर ती सायीच्या रंगाची झाली होती. आणि शेंडेफळाला आठवते ती लिंबाखाली विटांवर चढवलेली, गंजून तांबूस झालेली, सीटखाली कोंबड्या बसायच्या ती. त्याच्या वाट्याला जीप आलीच नाही, अंडी आली.

सेलूपासून जवळ, दुधनेच्या बाजूला आमचं गाव. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं आणि चूल एक. त्या घरात वस्तूला जागा मिळायची ती कामाच्या जोरावर. औत, पाभर, रहाटाची मोट, मापाच्या पायल्या, बाळंतिणीची बाज, सगळ्याला काहीतरी काम होतं. बिनकामाची म्हणावी अशी एकच वस्तू आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, आणली, आणि तीही लष्करातली. ‘शेतीला लागती’ असं त्यांनी मोठ्या आईला सांगितलं. ते तिला पटलं नव्हतं, घरातल्या कुणालाच पटलं नव्हतं; पण पुढची तीस वर्षं सगळे तेच वाक्य पाहुण्यांना ऐकवत राहिले.

जीप आली सिकंदराबादेहून. १९५६ पर्यंत परभणी हैदराबाद राज्यात होती. मुंबई-पुणं आमच्यासाठी परमुलूख. कोर्टकज्जा, शिक्षण, लग्नाचा बस्ता, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं हैदराबादेकडं. मनमाड-काचीगुडा मीटरगेजवर सेलूला गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. १९४८ च्या सप्टेंबरात, १३ तारखेपासून १७ तारखेपर्यंत पोलिस अॅक्शन झाली तेव्हा भारतीय फौजेच्या जीपा आबांनी पहिल्यांदा पाहिल्या. रझाकारांच्या धास्तीनं घरातली बायकामुलं वऱ्हाडात पाठवलेली, धान्य पेवात पुरलेलं, आणि अशा वेळी चिखलातून न थांबता निघून गेलेली ती बिनदाराची उघडी गाडी त्यांच्या मनात बसली. मला वाटतं त्यांना गाडी हवी नव्हतीच. ते पाच दिवस संपल्याची खूण दारात उभी हवी होती. पण हे आबा कधी बोलले नाहीत, हा माझा तर्क.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या सुमाराला लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांच्या लिलावातून त्यांनी ती घेतली. किती रुपयांना, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत, कारण आकडा एकच सांगतात पण तो हाली शिक्क्यातला की कलदार हे कुणी सांगत नाही. निजामाचे सात रुपये म्हणजे इंग्रजी सहा, एवढा फरक होता. अण्णा, म्हणजे आमचे सगळ्यात थोरले काका, बाजू बघून उत्तर द्यायचे. जावयाला सांगताना कलदार, मोठ्या आईला सांगताना हाली.

ती होती दुसऱ्या महायुद्धातली विलीज. अमेरिकेनं १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांकडून एकाच नमुन्याच्या सहा लाखांवर जीपा करून घेतल्या. २.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ६० अश्वशक्ती, पुढं जायचे तीन गिअर, चारही चाकांना जोर. त्या सगळ्या डावखुऱ्या, म्हणजे स्टेअरिंग डावीकडं. युद्ध संपलं आणि यातल्या कितीतरी गाड्या हिंदुस्थानातल्या डेपोंत पडून राहिल्या. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथं आधी अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये इथली पाटी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीपा जोडायला सुरुवात झाली. बीडीओ, मलेरियावाले, जिल्हा परिषद, साखर कारखान्याचे चेअरमन, सगळ्यांच्या बुडाखाली पुढं जी जीप आली ती ही. आमची मात्र त्याच्या आधीची. तोंडाच्या जाळीच्या फटी मोजून आम्ही ते सिद्ध करायचो. युद्धातल्या जीपेला नऊ फटी, नंतरच्यांना सात. शाळेत पाढे चुकले तरी हे कुणाचं चुकायचं नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे फिरतात. विलीजच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, चाक फिरताना नट ढिले होऊ नयेत म्हणून. नवा माणूस पान्हा लावून नेहमीसारखा डावीकडं जोर करायचा, नट आणखी आवळला जायचा, मग तो पाइप घालून जोर करायचा आणि शेवटी स्टड तुटायचा. मानवतच्या मोंढ्यात पंक्चर झालं तेव्हा आम्ही तिघी बहिणी मडगार्डवर बसून एका धिप्पाड माणसाला ‘उलटं, काका, उलटं’ असं सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता. पोरींचं कोण ऐकतंय.

मालकाचा तोरा उतरवायची सोयही त्या गाडीत होती. पेट्रोलची टाकी चालवणाराच्या सीटखाली. पंपावर गेलं की आबांना फेट्यासकट खाली उतरावं लागे, गादी उचलून धरावी लागे, आणि नोकर पेट्रोल ओतेपर्यंत ते बाजूला उभे. किल्ली नव्हतीच, डॅशवर एक दांडी फिरवायची आणि जमिनीवरचं बटण पायानं दाबायचं. अंगठ्याइतक्या पोरालाही पाय पोचला तर गाडी चालू करता यायची, म्हणून बॅटरीची वायर रात्री काढून ठेवायची पद्धत पडली. वायर काढायची जबाबदारी ज्याच्याकडं तो त्या दिवसापुरता घरात मोठा.

शेतीला ती लागली का? खरं सांगायचं तर पावसाळ्यात लागायला हवी तेव्हाच ती कमी पडायची. लोक समजतात चारही चाकं फिरली की गाडी कुठूनही निघते. त्यांनी परभणीची काळी माती पाहिलेली नाही. मृगात दोन सरी पडल्या की ती माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो, मग मडगार्डच्या आत चढते आणि चाक फिरायचंच थांबतं. अण्णा पुढचा जोर लावायची दांडी ओढायचे (आमच्याकडं त्याला ‘फ्रंट लावणं’ म्हणत), मग हळू चालीची दांडी ओढायचे, इंजिन रडायचं, आणि गाडी तिथल्या तिथं रुतत जायची. मग बैल. मग विळे आणि खुरपी घेऊन चाकांमधला गारा खरवडणं. लष्करानं ही गाडी वाळवंटात, बर्फात, ब्रह्मदेशाच्या जंगलात चालवली. कापसाच्या रानात जून महिन्यात चालवून बघितली असती तर बरं झालं असतं, असं अण्णा गंभीरपणे म्हणायचे.

मोठी आई ओट्यावरून म्हणायची, “बैलाला सरकी परवडंना अन् ह्या लोखंडाला पेट्रोल पाजायलेत!”

तिचा हिशेब बरोबर होता. लिटरला सहा-सात किलोमीटर, तेही उतार असला तर. पण हीच मोठी आई जीपेत बसायला सगळ्यात आधी तयार. अधिक महिन्यात गंगाखेडला गोदावरीच्या स्नानाला जायचं, जनाबाईच्या दर्शनाला जायचं, की ती पहाटे चारला फिरकीचा तांब्या भरून तयार. अडचण एकच, चढायचं कसं. लष्करी जीपेत सैनिक उडी मारून बसतात. नऊवारी नेसलेली, गुडघे धरलेली बाई उडी कशी मारणार? एक-दोन वेळा बाजेचा ठोकळा लावून झालं. मग नानाकाकांनी परभणीहून एक लोखंडी पायरी वेल्डिंग करून आणली, डावीकडच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर. वर धरायला एक वाकवलेली सळई. आणि तिचा तांब्या लटकवायला डॅशखाली एक हूक. युद्धातल्या जीपेला लागलेला आमच्या घरचा पहिला दागिना तो. मागची आडवी सीट काढून तिथं लांब फळी बसवली, तिच्यावर सात पोरं मावायची. पाठीमागं ताडपत्रीचा टप शिवून घेतला तो सेलूच्या शिंप्याकडून, जो एरवी बैलांच्या झुली शिवायचा; त्यामुळं आमच्या जीपेच्या टपाला खाली लाल कापडाची कातरलेली झालर होती. अण्णांना तिची लाज वाटायची. आबांना आवडायची, आणि आबांना आवडली म्हणजे संपलं.

आम्हा भावंडांच्या लहानपणाच्या सगळ्या प्रवासांना त्या झालरीचा फडफडाट आहे. येलदरीचं धरण बघायला गेलो तो. परभणीला तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात गेलो तो, परतताना मागच्या फळीवर आकाशपाळण्याच्या गोष्टी सांगत सगळी झोपलेली. चारठाण्याची देवळं पाहायला मास्तरांना घेऊन गेलो तो. काच पुढं बोनेटवर आडवी पाडायची परवानगी फक्त कापूस विकून परत येताना मिळायची, पैसे खिशात असले की अण्णांचा स्वभाव सैल व्हायचा. मग तोंडावर वारा, धूळ, दातांत चिलटं. बोनेट सपाट, मडगार्ड सपाट. रानात तेच ताट मांडायचं टेबल. गरम बोनेटवर ठेवलेलं पिठलं घरी येईपर्यंत गार होत नसे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, विळे-कोयत्यांबरोबर जॅक, पान्हे आणि हँडल धुऊन पाटावर मांडत. पोळ्याला बैलांची मिरवणूक मारुतीपुढून गेली की शेवटी जीप, शिंगांना लावून उरलेला बेगड तिच्या दिव्यांभोवती. १७ सप्टेंबरला मात्र ती पहिली. झेंडावंदनाला गुरुजी तिच्यात उभे राहत, आणि त्या दिवसापुरती तिला पुन्हा फौजेची गाडी म्हणून मान मिळे.

आता उस्तादांबद्दल. त्यांचं नाव मी सांगत नाही, त्यांची मुलं-नातवंडं परभणीतच आहेत. सिकंदराबादेच्या लष्करी वर्कशॉपात काम केलेला माणूस, पुढं परभणीला मोंढ्याजवळ गॅरेज टाकलं. सुगी उरकली की अण्णा त्यांना चार दिवस गावी आणून ठेवायचे आणि जीप ‘कामाला काढायचे’. या चार दिवसांत आमच्या घरातले पुरुष मला वेगळेच दिसायचे. एरवी वडिलांपुढं काका बोलत नसत, धाकटा थोरल्यासमोर बसत नसे. जीप उघडली की सगळे बनियनवर, हात ग्रीसनं काळे, एकमेकांच्या हातातला पान्हा ओढून घेतायत. आमचे नानाकाका, ज्यांनी जन्मात बायकोला हाक मारून चहा मागितला नाही, ते उस्तादांना ‘आता मला फिरवू द्या ना’ म्हणून गयावया करायचे. त्या पिढीला खेळ नव्हता. नाटक बघणं म्हणजे बिघडणं, पत्ते म्हणजे व्यसन, कादंबरी म्हणजे रिकामपण. मशीन दुरुस्त करणं तेवढं काम. म्हणून त्यांनी ते दर वर्षी काढलं, बिघडलेलं नसलं तरी.

विलीजच्या इंजिनाचं हेड खोलणं सोपं. व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकातच असतात, त्यामुळं वरचं हेड म्हणजे पातेल्यावरचं झाकण. पंधरा नट काढले की चारही पिस्टन उघडे. उस्ताद कार्बन खरवडायचे, व्हॉल्व्हना पेस्ट लावून तळहातात काडी फिरवत घासत बसायचे, आणि आम्हाला आळीपाळीनं तेच काम द्यायचे. हेडलाइटची एक करामत होती: एक नट सैल केला की दिवा मागं वळून इंजिनावरच प्रकाश टाकायचा, युद्धात रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून. दोन्ही दिवे आत वळवून रात्री दहापर्यंत काम चालायचं. आत्या भाकरी बांधून तिथंच आणायची. खोललेले नट कोणत्या वाटीतले कुठले, हे उस्तादांखेरीज फक्त तिलाच लक्षात असायचं.

सगळं जोडून झालं, हँडल मारायची वेळ आली की उस्ताद हात पुसत म्हणायचे, “बनी तो बनी, नहीं तो परभणी.” ही म्हण अख्ख्या मराठवाड्याला ठाऊक आहे, पण ती ज्या गंभीरपणानं ते उच्चारायचे त्यानं आम्हाला वाटे हा मंत्रच आहे. सहा व्होल्टची मूळ वायरिंग त्यांनीच काढून बारा व्होल्टची केली, ट्रॅक्टरची बॅटरी चालावी म्हणून. अण्णांनी काही विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, “मालक, इसकू छेडो नक्को, चल रही ना?”

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ मिळालं, आणि त्याच वर्षी आमच्या विहिरींचा तळ दिसला. रोजगाराच्या कामांवर माणसं खडी फोडत होती, तिथं हौसेची जीप उडवणं आबांना बरं दिसेना. १९७३ च्या अखेरीस अरबांनी तेल रोखलं आणि पेट्रोल इतकं चढलं की बरं दिसणं-न दिसणं हा प्रश्नच उरला नाही. देशभरात पेट्रोल जीपांचं तेच झालं, जो तो डिझेल इंजिन बसवायच्या मागं. आमच्याकडं थोडं उशिरा झालं. आबा गेल्यावर नानाकाकांनी एका जुन्या टेम्पोचं डिझेल इंजिन आणून तिच्यात बसवलं. बोनेटखाली ते मावेना, मग फायरवॉल ठोकून आत सरकवली, रेडिएटर पुढं आला, वजनानं पुढचे पाटे बसले. साय-रंगाची जीप ती ही. धूर काढायची, घरघर ऐकून फाट्यावरची माणसं ट्रॅक्टर समजायची. थोरल्या दादानं तिच्यात बसायचंच सोडलं. पण धाकट्यांची शाळा तिच्यावर झाली, बहिणींची लग्नं तिच्यावर निघाली, त्यांना ती घरघरच जीपेचा आवाज वाटते. मी कुणाच्याच बाजूनं नाही. माझं लग्न त्या घरघरीत झालं, वरातीत माझी बहीण डिझेलच्या वासानं ओकली, आणि तरीही फोटोत आम्ही सगळे हसतो आहोत.

जुनं पेट्रोल इंजिन? ते विहिरीवर गेलं. पट्टा लावून पंप ओढायला. वीज आली तशी तेही बंद पडलं आणि गोठ्यात कडब्याखाली गेलं. त्यानंतर जीप लिंबाखाली, विटांवर. अण्णा रोज संध्याकाळी एकदा तिच्यापर्यंत जाऊन यायचे. विकायला गिऱ्हाइक आलं की किंमत दुप्पट सांगायचे.

ती बाहेर काढली अण्णांच्या नातवानं. चाकणला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे तो. त्याच्या पिढीला लष्करी गाड्यांचं वेड नव्यानं लागलंय. २०१९ मध्ये धोनीनं रांचीत हिरवी जोंगा फिरवली आणि जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या परवान्यावर बनलेल्या त्या गाडीला अचानक भाव आला. आमच्या परभणीतच आता काळ्या थार इतक्या झाल्यात की वसमत रोडवर संध्याकाळी उभं राहिलं तर वाटावं मोर्चा आहे. पोरं तिच्या टायरवर लाखभर घालतात. हरियाणातल्या डबवालीला तर जुन्या जीपा सोलून नव्या करून देणारी अख्खी बाजारपेठ आहे. आमच्या नातवाला तसलं काही नको होतं. त्याला हवी होती १९४४ ची विलीज, कारखान्यातून निघाली तशी. नऊ फटींची, शेवाळी, सहा व्होल्टची.

त्यानं रंग खरवडायला सुरुवात केली आणि कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकेक थराचा फोटो टाकला. सायीचा, निळा, एक राखाडी थर जो कुणालाच आठवेना, मग शेवाळी. घरातली दंतकथा अशी की खाली अमेरिकेचा पांढरा तारा निघणार, जीप रंगूनहून आलेली. तारा निघाला नाही. निघालं ते वेगळंच. चेसिसची पुढची आडवी पट्टी गोल पाइपाची, म्हणजे विलीजची. फोर्डच्या जीपेला तिथं उलट्या पन्हळासारखी पट्टी असते. पण बॉडीचे अर्धे बोल्ट पाहावेत तर त्यांच्या डोक्यावर ‘एफ’. फोर्ड आपल्या बोल्टावरही स्वतःचं अक्षर ठोकायची. म्हणजे चेसिस एकीचं, अंग दुसरीचं. लष्करी वर्कशॉपात दहा गाड्या उघडायच्या, चांगले भाग एकत्र करायचे आणि सहा गाड्या बाहेर काढायच्या, ही रोजची रीत होती. आमच्या दारात आली तेव्हाच ती कुणाकुणाची होऊन आली होती. पोराचा चेहरा पडला. मला मात्र उगाचच आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

“मग ती मूळ कुठली?” असं थोरल्या दादानं ग्रुपवर विचारलं. त्यावर आत्यानं मोबाइलवर बोटानं एक-एक अक्षर दाबत लिहिलं: सेलूची.

कडब्याखालचं इंजिन सापडलं ते जाम. सिलिंडरमध्ये रॉकेल-ऑइल ओतून ठेवलं, दिवसाआड हँडलनं हलवलं, एके दिवशी पाव फेरा फिरलं. बोअर करायला नांदेडला पाठवलं. नशीब असं की महिंद्रानं पुढं कितीतरी वर्षं जे पेट्रोल इंजिन भारतात वापरलं त्याचं वरचं अंग निराळं असलं तरी बोअर तोच, स्ट्रोक तोच, खालचा भाग बराचसा विलीजचाच वारसा. त्यामुळं रिंगा, बेअरिंगं अजून मिळतात. पूर्वी उस्ताद त्यासाठी रात्रीच्या मीटरगेजनं सिकंदराबादच्या राणीगंजला जायचे, किंवा हैदराबादच्या जुमेरात बाजारात जमिनीवर मांडलेल्या भंगारातून उचलायचे. आता कुरिअरनं येतात. डिझेल उतरलं, फायरवॉल पुन्हा सरळ ठोकली, पुढचे पाटे वर आले. बारा व्होल्ट मात्र तसंच ठेवलं, ‘छेडो नक्को’ म्हणत.

भांडण झालं ते पायरीवरून.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी, पहिल्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही वेगळी अक्षरं. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. त्याच्या आधी, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानंही कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं होतं की कारखान्यानं ठरवून दिलेल्या रचनेत मालकानं मनचे फेरफार करायचे नाहीत. कायद्याचं चुकत नाही. डबवालीछाप राक्षसी टायरांच्या गाड्या रस्त्यावर बघितल्या की मीही न्यायालयाच्याच बाजूची. पण नातवानं ते सगळं वाचून गॅसकटर आणला आणि मोठ्या आईची पायरी कापायला निघाला. मूळ जीपेला पायरी नव्हती. त्याचं बरोबर होतं.

ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. झालर गेली तेव्हा कुणी बोललं नाही. ताडपत्री कुजलीच होती. फळी गेली तेव्हा कुरकुर झाली. पायरीवर मात्र अमेरिकेतल्या भाचीपासून परभणीतल्या शेंडेफळापर्यंत सगळे उठले, ज्याला फक्त अंडी मिळाली होती तोसुद्धा. मोठी आई जाऊन चाळीस वर्षं झाली. त्या पायरीची कड मधोमध झिजून चमकते, कारण तिच्यानंतर घरातली प्रत्येक बाई तिथंच पाय ठेवून चढली. नव्या नवऱ्या, बाळंतिणी, डोहाळे लागलेल्या, सगळ्या. शेवटी पोरानंच वाट काढली. वेल्डिंग कापलं, पायरी सोडवली, आणि तिला चार भोकं पाडून बोल्टांनी पुन्हा बसवली. तपासणीच्या दिवशी काढता यावी म्हणून. बोल्ट त्यानं उरलेल्यांतले ‘एफ’वाले निवडले. हा मुलगा आबांचा पणतू शोभतो असं मला तेव्हा वाटलं.

रंग शेवाळीच दिला. थोरला दादा जिंकला, आणि ते तो विसरू देत नाही. आतल्या बाजूला, डॅशच्या मागं, आम्हा बहिणींच्या आग्रहाखातर एका कोपऱ्यात निळा तसाच ठेवलाय. तांब्याचा हूकही आहे. मागं ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ हे पांढऱ्या अक्षरांत पुन्हा लिहिलं, पूर्वीच्याच पेंटरच्या मुलाकडून.

‘व्हीए’चा अर्ज अजून जायचा आहे, कागद जुळवणं चालू आहे. तोवर ती फक्त आमच्या शिवारातल्या वाटेवर, विहिरीपासून नदीच्या थडीपर्यंत. गेल्या दिवाळीत आत्याला पुढं बसवलं. पायरीवर पाय देऊन ती चढली आणि चढताच चालवणाराच्या जागेवर बसायला लागली. अण्णा तापानं फणफणले होते तेव्हा हीच जीप तिनं एकटीनं रानातून घरी आणली होती, परकर-पोलक्यातल्या वयात, आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता. आता ऐंशीच्या पुढं आहे. नातवानं समजूत घालून तिला उजवीकडं बसवलं.

तीसच्या पुढं गेलं की स्टेअरिंग थडाथडा हलायला लागतं. किंगपिनची बेअरिंगं झिजलीत, ती बदलली की थांबेल, असं नातू ओरडून सांगत होता.

“बदलू नको रे,” आत्या म्हणाली. “मीटर कधी चाललंच नाही ह्याचं. हादरायला लागली की अण्णा म्हणायचा, तीस झाले, आता बस.”